पाण्याच्या काठचा शंख

आमच्या देवघरात अडणीवर ठेवलेला शंख आमच्या आजोबांच्या वेळचा आहे. पूजा आटोपली म्हणजे तो पुसून जागच्या जागी ठेवण्याचे काम सध्या आमच्या धाकट्या नातीकडे आहे. गेल्या महिन्यात शंख पुसता पुसता तिने आम्हांस विचारले, "आजोबा, समुद्र इतका लांब, मग हा आपल्या घरी कसा आला?" पस्तीस वर्षे शाळेत घालविलेल्या माणसाजवळ अशा प्रश्नाचे उत्तर तयारच असते. "व्यापाऱ्याने आणला," असे सांगून आम्ही मोकळे झालो. तिचे समाधान झालेले दिसले नाही. आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तिच्या थोरल्या भावाने संगणकाच्या पडद्यावर आम्हांस काही जुनी चित्रे दाखविली. मेक्सिको देशातील नाव्हा लोकांनी सोळाव्या शतकात लिहिलेल्या पोथ्यांची ती पाने होती. त्यांत पाणी ज्या रीतीने काढले आहे ती रीत पाहून आम्ही थबकलो. आपली मुले पाणी काढतात तेव्हा चार नागमोडी रेघा ओढून स्वस्थ बसतात. नाव्हा चित्रकार निळा प्रवाह काढतो, त्यात काळ्या रेघांनी ओघ दाखवितो, आणि मग त्या प्रवाहाच्या कडेला लहान लहान फाटे फोडतो. त्यांपैकी एका फाट्याच्या टोकाला थेंबासारखा पांढरा मणी, पुढच्या टोकाला पिळाचा लहानसा शंख. पुन्हा मणी, पुन्हा शंख. गावाचे नाव पाण्यावरून पडलेले असो, चित्रात ओढा असो वा उकळते पाणी असो, काठाला शंख ठरलेलाच. समुद्राचे पाणी असते तर नवल नव्हते. परंतु हे पाणी डोंगरातले, झऱ्यांचे आणि तळ्यांचे. मग त्याच्या काठी समुद्रातला शंख कसा आला? नातीचा प्रश्न फिरून आमच्यापुढे उभा राहिला, आणि या खेपेस "व्यापाऱ्याने आणला" एवढ्यावर भागण्यासारखे नव्हते.

वाचकांपैकी ज्यांस या लोकांची ओळख नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. नाव्हा म्हणजे नाव्हात्ल भाषा बोलणारे लोक. आपण शाळेत ज्यांस 'आझ्टेक' म्हणून शिकलो ते त्यांच्यापैकीच. तेनोच्तित्लान ही त्यांची राजधानी एका सरोवराच्या मधोमध वसलेली होती. ज्या पठारावर हे सरोवर होते ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे. आपल्या महाबळेश्वराहूनही कितीतरी अधिक. पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन्ही समुद्र तेथून कित्येक दिवसांच्या वाटेवर. त्या देशात घोडा नव्हता, बैल नव्हता, गाडीही नव्हती. जे काही वर यावयाचे ते माणसाच्या पाठीवरून. १५२१ च्या ऑगस्टात स्पेनच्या कोर्तेसने हे नगर जिंकले आणि त्याच्याच अवशेषांवर आजचे मेक्सिको शहर उभे राहिले.

या लोकांत चित्रे काढणाऱ्यास 'त्लाकुइलो' म्हणत. गंमत अशी की लिहिणाऱ्यासही तोच शब्द. लिहिणे आणि चितारणे या दोन क्रिया त्यांच्या भाषेत एकाच धातूने सांगितल्या जात. संस्कृत शिकलेल्यांस याचे आश्चर्य वाटू नये. आपल्याकडेही 'लिख्' धातूवरून 'लेख' आला आणि त्याच धातूवरून चित्राला 'आलेख्य' हे नाव मिळाले. तेव्हा नाव्हा पोथीतील चित्र हे मजकुराच्या जोडीला दिलेले शोभेचे चित्र नव्हे. ते स्वतःच मजकूर आहे. पाण्याच्या काठचा शंख हा त्या मजकुरातला एक शब्द आहे, असे समजूनच तो वाचावयास हवा.

हा शब्द ज्या पोथीत वारंवार भेटतो तिला आज 'मेंदोसा पोथी' म्हणतात. स्पेनच्या पहिल्या प्रतिनिधीचे, आंतोनियो दे मेंदोसा याचे, नाव तिला मिळाले आहे. सुमारे १५४१ मध्ये मेक्सिको शहरात युरोपी कागदावर नाव्हा चित्रकारांनी ती काढली आणि स्पॅनिश जाणणाऱ्यांनी चित्रांशेजारी अर्थ लिहिला. तिचा प्रवास एखाद्या कादंबरीत शोभेल असा आहे. फ्रेंच राजाच्या पदरी असलेला आंद्रे तेवे याच्याजवळ ती गेली. त्याने पानावर आपले नाव घालून १५५३ हे वर्ष लिहून ठेवले आहे. पुढे ती इंग्रज प्रवासवर्णनकार हॅक्लूट याने घेतली, त्याच्यामागून पर्चस याने १६२५ मध्ये तिची चित्रे लंडनमध्ये छापली, आणि १६५९ पासून ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

या पोथीचा दुसरा भाग म्हणजे करांची वही होय. कोणत्या प्रांताने राजधानीस काय पाठवावयाचे याचा तपशील त्यात चित्रांनी दिला आहे. त्यांची गणती विसाच्या पटीची. वीस म्हणजे एक निशाण. वीस गुणिले वीस, म्हणजे चारशे, याची खूण केसांच्या झुपक्यासारखी. आणि आठ हजारांसाठी एक पिशवी. पश्चिम समुद्राच्या काठी सिवात्लान नावाचा प्रांत होता. त्याच्या पानावर कापडाच्या, कापसाच्या आणि कोकोच्या बियांच्या ओझ्यांबरोबर तांबडे शिंपले काढले आहेत आणि त्यांवर चारशेची खूण दोनदा आहे. म्हणजे आठशे शिंपले. हा शिंपला काटेरी असून खडकाला घट्ट चिकटून वाढतो, आणि बुडी मारून तो सोडवून आणावा लागतो. नाव्हात्ल भाषेत त्याला 'तापाच्त्ली' म्हणत. कुणी तरी श्वास कोंडून तो पाण्याखालून काढला, कुणी तरी पाठीवर घेऊन तो डोंगर चढला, आणि त्या साऱ्या श्रमांची नोंद पानावर दोन झुपक्यांत झाली. आमच्या "व्यापाऱ्याने आणला" या उत्तरातही असाच पुष्कळ घाम आम्ही झाकून ठेवला होता, हे हे पान पाहताना ध्यानात आले.

पण आणला कसा, हे कळल्याने आणला कशासाठी, हे कळत नाही. त्यासाठी जमिनीखाली पाहावे लागते. १९७८ मध्ये मेक्सिको शहरात वीजतारांचे काम करणाऱ्या मजुरांना खोदताना एक प्रचंड कोरीव शिळा लागली, आणि तेथून जुन्या महामंदिराच्या उत्खननास नवी सुरुवात झाली. त्या मंदिराच्या पायात जागोजाग पुरलेले नैवेद्य सापडले. त्यांत दोन्ही समुद्रांतून आणलेले शंख-शिंपले हजारोंनी आहेत. दगडात घडविलेले मोठाले शंखही आहेत. त्या मंदिराच्या शिखरावर दोन देवळे होती, एक युद्धदेवाचे आणि दुसरे त्लालोक या पर्जन्यदेवाचे. डोंगरावर राहणाऱ्या या लोकांनी मंदिराच्या पोटात समुद्र आणून ठेवला होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पाऊस, झरा, तळे आणि सागर हे त्यांच्या मनाने एकच पाणी होते. म्हणून ओढ्याच्या काठीही शंख. चित्रकार आपल्याला जणू सांगत असतो की हे पाणी लहान दिसले तरी त्याचे गोत्र सागराचे आहे.

शंखाला त्यांनी आणखीही एक अर्थ दिला होता, आणि तो आमच्या वाचकभगिनींस विशेष हृद्य वाटेल. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सोळाव्या शतकातली, इटालियन टीपा असलेली एक नाव्हा चित्रपोथी आहे. तिच्यात चंद्रदेवतेच्या मस्तकावर शंख दाखविला आहे, आणि त्याचे कारण टीपेत असे दिले आहे की, गोगलगाय जशी शंखातून बाहेर येते तसे मूल आईच्या उदरातून बाहेर येते. शंख हे त्यांच्या लेखी जन्माचे घर होते. मोत्यालाही त्यांच्या भाषेत 'एप्योल्लोत्ली' म्हणत. त्याचा अर्थ शिंपल्याचे हृदय.

चंद्र आणि शंख यांची गाठ एका कथेतही आहे. सृष्टीच्या अंधारात तेओतिवाकान येथे देव जमले आणि उजेड देण्यासाठी अग्नीत उडी कोण घेतो असा प्रश्न निघाला. तेक्सिस्तेकात्ल नावाचा श्रीमंत देव पुढे झाला. त्याच्या नावातच 'तेक्सिस्त्ली' म्हणजे मोठा शंख आहे. पण आगीच्या काठी त्याचे पाय चार वेळा मागे फिरले. तेव्हा नानावात्सिन हा दरिद्री, व्रणांनी भरलेला देव न कचरता ज्वाळांत शिरला आणि सूर्य झाला. शरमेने मागून उडी घेतलेला शंखवाला देव चंद्र झाला. दोघेही सारखेच तेजस्वी उगवले. मग एका देवाने धावत जाऊन चंद्राच्या तोंडावर ससा फेकून मारला, आणि त्याचे तेज मंदावले. चंद्रावर ससा दिसतो तो त्यामुळे.

येथे आमचे वाचक एकदम सावरून बसतील हे आम्ही जाणतो. शंख, चंद्र आणि त्यावर ससा! 'शशांक' हा शब्द आमच्या घराघरांत मुलांचे नाव म्हणून नांदतो. आणि येथेच आम्हांस आमचा एक जुना अपराध कबूल केला पाहिजे. आम्ही तरुण शिक्षक होतो तेव्हा कोठेसे वाचलेल्या मजकुरावर विसंबून वर्गात मोठ्या आवेशाने सांगितले होते की, अमेरिका म्हणजेच आपले पाताळ, तेथील लोक म्हणजे आपलेच दूर गेलेले बांधव, आणि चंद्रावरचा ससा हा त्याचा पुरावा. मुलांनी टाळ्या पिटल्या. मागच्या बाकावरील एका मुलाने मात्र उभे राहून विचारले, "गुरुजी, चंद्रावरचा डाग त्यांनाही डोळ्यांनीच दिसला असेल ना?" आम्ही त्याला खाली बसविले. आज वाटते, त्या तासाला त्या वर्गात खरा शिक्षक तोच होता. चंद्र एकच आहे आणि त्यावरचे डाग दोन्ही देशांतून दिसतात. त्यांत सशाचा आकार दोघांना दिसावा यास कुणी कुणाकडे जाण्याची गरज नाही. शंखाची पोकळी फुंकली की नाद होतो हेही दोन्हीकडच्या ओठांना आपापले कळू शकते. आता एवढे खरे की आपला पूजेतला शंख आणि तिकडे फुंकण्यासाठी वापरीत त्यांपैकी एका जातीचा शंख हे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुलातले आहेत. शास्त्रज्ञ दोघांस 'टर्बिनेला' असेच म्हणतात. तेव्हा नाते असलेच तर ते गोगलगाईंचे आहे!

दुसऱ्याच्या चांगल्या गोष्टीला "ही मूळची आमचीच" असे म्हणणे वरवर प्रेमाचे वाटते. पण त्यात त्या माणसाचे कर्तृत्व आपण हिरावून घेत असतो. नाव्हा लोकांचा शंख आपला ठरविला, की त्यांनी त्याविषयी काय विचार केला हे विचारण्याचे कारणच उरत नाही. आणि विचारले नाही तर पुढील कथा आपल्या कानी आलीच नसती. ती १५५८ मध्ये नाव्हात्ल भाषेत लिहून ठेवलेली आहे. केत्साल्कोआत्ल हा देव नवी माणसे घडविण्यासाठी जुन्या मृतांची हाडे आणावयास यमलोकी गेला. तेथील राजा म्हणाला, "माझा हा शंख वाजवीत चार फेरे घाल, मग ने." शंख हाती घेऊन पाहतो तो त्याला भोकच नाही! केत्साल्कोआत्लने किड्यांना बोलाविले; त्यांनी तो पोखरला. मग भुंग्यांना बोलाविले. ते आत शिरून गुंजारव करू लागले, आणि मुका शंख वाजला. मनुष्यजात जगात आली ती किड्यांच्या आणि भुंग्यांच्या उपकाराने, असे सांगणारी ही कथा कुणाची उसनी वाटत नाही. याच देवाच्या वायुरूपाच्या छातीवर आडव्या कापलेल्या शंखाचे पदक असते. त्यातील पीळ म्हणजे वाऱ्याचा भोवरा. विजयानंतर काढलेल्या पोथ्यांतही चित्रकारांनी ते पदक त्याच्या गळ्यात कायम ठेवले.

आता त्या चित्रकारांविषयी दोन शब्द. त्लातेलोल्को येथे १५३६ मध्ये ख्रिस्ती धर्मगुरूंनी नाव्हा मुलांसाठी विद्यालय काढले. तेथे ही मुले लॅटिन शिकली; मातृभाषा, स्पॅनिश आणि लॅटिन अशा तिन्ही भाषांत पारंगत झाली. आंतोनियो वालेरियानो, अलोन्सो वेखेरानो, मार्तीन हाकोबिता आणि पेद्रो दे सान बुएनाव्हेन्तुरा ही त्यांतील काहींची नावे उरली आहेत. त्यांच्या साह्याने बर्नार्दिनो दे साहागून या धर्मगुरूने बारा खंडांचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. एका रकान्यात नाव्हात्ल, दुसऱ्यात स्पॅनिश, आणि जवळजवळ अडीच हजार चित्रे. तो आज इटलीत फ्लॉरेन्स येथील लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे, म्हणून त्यास 'फ्लॉरेन्स पोथी' म्हणतात. आमच्या नातवाने उघडलेली पाने यातलीही होती. हा ग्रंथ आता घरबसल्या कुणासही पाहता येतो.

साहागूनचा हेतू जुन्या देवांचे उच्चाटन करण्याचा होता. रोग ओळखल्याविना वैद्याला औषध देता येत नाही, अशा दृष्टीने तो या माहितीकडे पाहत असे. परंतु लिहिणारे आणि चितारणारे हात नाव्हा होते. हे हात युरोपी चित्रकलाही शिकले होते. अकराव्या खंडात पशू, पक्षी, मासे, वनस्पती, रत्ने अशी साऱ्या सृष्टीची वर्णने आहेत. तेथे रेघांवर रेघा ओढून छाया आणि गोलाई दाखविण्याची नवी रीत दिसते. त्या रीतीने काढलेला शंख हा समोर ठेवलेला पदार्थ वाटतो; त्याला वजन असते, उचलून घ्यावासा वाटतो. आणि पाण्याच्या काठचा तो जुना शंख मात्र सपाट, रेखीव, खुणेसारखा. एकाच पिढीच्या हातांत या दोन्ही रीती नांदत होत्या. नव्या गुरूंकडून नवे शिकले म्हणून जुने अक्षर ते विसरले नाहीत.

हे काम कोणत्या दिवसांत चालले होते ते ऐकले म्हणजे मन हेलावते. १५७६ मध्ये मेक्सिकोत भयंकर साथ आली. १५४५ च्या साथीत आपण एकट्या त्लातेलोल्को येथे दहा हजारांहून अधिक प्रेते पुरल्याचे साहागूनने लिहून ठेवले आहे. ही दुसरी साथही तशीच दारुण होती. ग्रंथ पुरा होत होता तो या साथीत. आरंभीच्या खंडांत रंगांची उधळण आहे. अखेरच्या बाराव्या खंडातील, म्हणजे विजयाच्या इतिहासातील, चित्रे जवळजवळ सारी काळ्या रेघांची आहेत. रंग भरावयाचे राहून गेले. पण रेघ थांबली नाही. इतक्यात १५७७ मध्ये स्पेनच्या राजाची आज्ञा निघाली की साहागूनचे हे लिखाण गोळा करून पाठवावे आणि या लोकांच्या जुन्या आचारांविषयी कुणासही लिहू देऊ नये. तरीही पोथी वाचली. ज्यांनी ती काढली त्यांपैकी बहुतेकांची नावेदेखील उरली नाहीत.

आम्ही या चित्रांकडे पुन्हा पुन्हा पाहतो तेव्हा मनात एक विचार येतो. मंदिर पाडता येते, पुजारी दूर करता येतो, शंखाचा नाद बंद करता येतो. परंतु पाणी काढताना काठाला शंख घालण्याची हाताची सवय कुणाच्या आज्ञेने जाईल? मेंदोसा पोथीतील चित्रकारास कराचा हिशेब काढावयास सांगितले होते, गावाचे नाव लिहावयास सांगितले होते. त्याने ते इमानाने केले. आणि ते करता करता, कुणी न विचारता, प्रत्येक पाण्याच्या काठी आपल्या वाडवडिलांची समजूतही लिहून ठेवली. ती मोठ्या आवाजात सांगितली असती तर कदाचित खोडली गेली असती. लहान होती म्हणून राहिली.

असो. परवा पूजेनंतर आम्ही नातीस जवळ बोलावून तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्याने दिले. आपला शंख समुद्रात बुडी मारणाऱ्या कोळ्याच्या श्वासावर आणि ओझे वाहणाऱ्याच्या पाठीवर बसून आपल्या घरी आला, हे सांगितले. आणि मग दूरच्या डोंगरावरच्या लोकांची, त्यांच्या शंखाची, किड्यांची आणि भुंग्यांची कथा सांगितली. आम्हांस वाटले होते, ती विचारील की ते लोक आपले कोण लागतात. तसे तिने विचारले नाही. ती म्हणाली, "त्यांच्या भाषेत शंखाला काय म्हणतात, ते पुन्हा सांगा." आम्ही सांगितले, "तेक्सिस्त्ली." तिने तो शब्द तीन-चार वेळा घोळवून नीट पाठ केला, शंख कोरडा केला आणि अडणीवर ठेवला. संध्याकाळी तिच्या चित्राच्या वहीत नदी होती, आणि नदीच्या काठाला, एक मणी सोडून एक, लहान लहान शंख होते.